ओवरीतली माणसं : जिनोआच्या स्टालिएनो दफनभूमीतली शिल्पं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर शिल्पकलेचे शिक्षक होते. विषयाचं बंधन नाही, असं संयोजकांनी आवर्जून सांगितलं होतं. तरी दगडातून माणूस घडवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानात दगडातल्या माणसांविषयीच बोलावं असं मला मनापासून वाटलं. म्हणून आज मी इटलीतल्या जिनोआ शहराच्या दफनभूमीविषयी बोलणार आहे. तिचं नाव स्टालिएनो.

जिनोआचं नाव महाराष्ट्रानं फार पूर्वी ऐकलेलं आहे. इटलीच्या एकीसाठी झिजलेला जोसेफ मॅझिनी हा त्या गावचा. सावरकर 1906 मध्ये लंडनला गेले, तिथे त्यांनी मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं, आणि 1907 मध्ये त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनी ते इथे छापून घेतलं. सरकारनं पुस्तक जप्त केलं. त्याची प्रस्तावना त्या काळी पोरांनी तोंडपाठ केली होती, असं जुनी माणसं सांगत. तो मॅझिनी याच स्टालिएनोत चिरविश्रांती घेतो आहे. त्याच्या समाधीकडे मी येणार आहे, पण वाटेत खूप माणसं भेटायची आहेत, आणि खरं सांगायचं तर आज मला त्या वाटेवरच्या माणसांविषयीच जास्त बोलायचं आहे.

युरोपात शतकानुशतकं माणसं चर्चमध्येच पुरली जात. बड्या घरची मंडळी चर्चच्या फरशीखाली, वेदीच्या शक्य तितक्या जवळ. बाकीची आवारात, एकावर एक. शहरं वाढली तशा फरशीखालच्या जागा भरून गेल्या, दुर्गंधी सुटू लागली. अखेर 1804 मध्ये नेपोलियनच्या राजवटीनं फर्मान काढलं : चर्चमध्ये आणि वस्तीत दफन बंद, दफनभूमी गावाबाहेर हवी. पॅरिसची विख्यात पेर लाशेझ दफनभूमी त्याच वर्षी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, 1805 च्या जूनमध्ये, जिनोआ फ्रेंच साम्राज्यात विलीन झालं आणि हा नियम तिथेही जाऊन पोहोचला. मॅझिनीचा जन्म त्याच महिन्यातला.

नियम झाला, पण जागा ठरून आराखडा व्हायला तीस वर्षं गेली. शहराचे वास्तुकार होते कार्लो बाराबीनो. जिनोआचं मोठं नाट्यगृह, तेआत्रो कार्लो फेलिचे, त्यांनीच बांधलेलं. दफनभूमीची पहिली कल्पना त्यांची. आणि 1835 मध्ये शहरात पटकीची साथ आली, तिच्यात बाराबीनो स्वतः गेले. ज्या रोगराईच्या भयातून गावाबाहेरच्या दफनभूमीची कल्पना निघाली, त्याच रोगराईनं तिचा पहिला आराखडाकार नेला. काम त्यांचे शिष्य जोव्हान्नी बात्तिस्ता रेसास्को यांनी हाती घेतलं. आराखडा त्यांनी नव्यानं बांधला, 1844 मध्ये बांधकामाला सुरुवात झाली आणि 1851 च्या जानेवारीत स्टालिएनो उघडलं.

जागा आहे शहराच्या ईशान्येला, बिसान्यो नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मध्ये मोठं चौकोनी मोकळं पटांगण. त्याच्या मधोमध सान्तो वार्नी या शिल्पकारानं घडवलेली श्रद्धेची नऊ मीटर उंचीची मूर्ती. पटांगणाच्या चारी बाजूंना कमानींच्या लांबच लांब ओवऱ्या. मागे रुंद पायऱ्यांचा जिना, वर घुमटाचं प्रार्थनामंदिर, आणि त्याच्याही मागे डोंगरावर चढत गेलेली झाडी. पंढरपूर-आळंदीच्या ओवऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रचना डोळ्यांसमोर आणायला अवघड जाणार नाही.

आता यातली पैशाची बाजू पाहू या, कारण तिच्याशिवाय ही शिल्पकला समजत नाही. मधलं पटांगण उघड्या आभाळाखालचं. तिथे सामान्यांच्या कबरी, साधे क्रूस. ओवरीतली कमान मात्र एखाद्या कुटुंबानं पैसे मोजून घ्यायची आणि तिच्यात आपल्या ऐपतीनं स्मारक उभारायचं. आणि ऐपत होती. जिनोआ म्हणजे बंदर. गोदीवाले, जहाजमालक, पेढीवाले, सुताचे आणि धान्याचे व्यापारी यांच्या हातात पैसा खेळत होता. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाल्यावर रुबात्तीनो कंपनीच्या आगबोटी जिनोआहून थेट आपल्या मुंबईला येऊ लागल्या. हे लोक सरदार नव्हते, बिशप नव्हते. चर्चच्या फरशीखाली यांच्या आज्यापणज्यांना मानाची जागा कुणी दिली नसती. आता मात्र गावाबाहेर, रोख पैशांत, नावानिशी, संगमरवरात जागा मिळत होती. आणि संगमरवर तर दाराशी : कराराच्या खाणी त्याच किनाऱ्यानं साधारण शंभर किलोमीटरवर.

या नव्या गिऱ्हाइकांनी शिल्पकारांकडे काय मागितलं? सुरुवातीला मागितलं ते जुनंच : पंखवाल्या आकृती, उलट्या मशाली, कलश, ग्रीक वळणाच्या शोकाकुल स्त्रिया. पण 1860 नंतर मागणी बदलली. त्यांना ते स्वतः हवे होते. आपलं घर, आपला पलंग, आपले कपडे, आपलं रडणं हवं होतं. कलेतिहासात या शैलीला मध्यमवर्गीय वास्तववाद असं काहीसं नाव आहे. हे नाव ऐकून कलाप्रेमी माणूस जरासा नाक मुरडतो. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते एका शिल्पाजवळ उभं राहून सांगतो.

राफाएले पिएनोवी याचं स्मारक, 1879 मधलं, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता व्हिल्ला. एक पलंग आहे. त्यावर नवऱ्याचं प्रेत, अंगावर चादर. बाजूला बायको. तिनं चेहऱ्यावरची चादर हातानं उचलली आहे आणि ती वाकून पाहते आहे. इतकंच. देवदूत नाही, स्वर्ग नाही. पण आता कापड पाहा. चादर जिथे अंगावर पडली आहे तिथे ती जड आहे, खाली शरीर असल्याचं कळतं. जिथे तिनं ती उचलली आहे तिथे तिच्या ताणलेल्या चुण्या चिमटीपासून निघतात. बाईचा झगा वेगळ्या कापडाचा, जाड, नेटका शिवलेला, त्या काळच्या ढबीचा. एकाच दगडातून दोन प्रकारची कापडं निघाली आहेत. आणि ती वाकून पाहते तो क्षण घरातला, अगदी खाजगी आहे. बाहेरच्या माणसानं तिथे असायलाच नको असं वाटून आपण एक पाऊल मागे सरतो. औगुस्तो रिवाल्तानं 1872 मध्ये केलेलं राज्जो कुटुंबाचं स्मारकही असंच आहे : म्हातारा अंथरुणावर, सारं गोत भोवती जमलेलं, कोण कुठे उभा आहे यावरून घरातली नाती वाचता यावीत असं.

हे कसं घडवत, याविषयी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. शिल्पकार आधी मातीत काम करी. मातीवरून साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. मग प्लास्टरवर खुणेचे बिंदू ठरवायचे आणि पॉइंटिंगच्या यंत्रानं ते बिंदू संगमरवराच्या ठोकळ्यात त्याच खोलीवर उतरवायचे. हे काम कारखान्यातले कारागीर करत. लेस, झालर, केस, बटणं यांचे तर वेगळे हात असत. स्मारकाखाली नाव एका शिल्पकाराचं असलं, तरी त्या लेसच्या एकेका भोकामागे ज्याचं नाव कुठेच नाही असा कुणीतरी गिरमिट फिरवत बसलेला होता. सर वर्गात म्हणायचे, चेहरा सगळेच बघतात, तुम्ही कोपर बघा, पाठ बघा, मागची बाजू कुणी पूर्ण केली ते बघा. त्या नजरेनं पाहिलं तर या ओवऱ्या म्हणजे निनावी कारागिरांचं मोठं प्रदर्शन आहे.

आपल्याकडेही हा वारा त्याच सुमारास आला. शिल्पकार म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ आठवा. जे. जे. स्कूलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणानं 1896 च्या सुमारास प्लास्टरमध्ये नऊवारी लुगड्याच्या निऱ्या ज्या हातोटीनं पकडल्या, ती हातोटी आणि ही हातोटी एकाच काळातली आहे. नेसलेल्या कापडातून माणसाचं गाव, घर, वय सांगायचं, ही दोन्हीकडची जिद्द.

आणि मृतांचं स्मारक म्हटलं की मला आपला वीरगळ आठवल्याशिवाय राहत नाही. गावोगावी देवळाबाहेर, वडाखाली उभे आहेत. खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांवरच्या लढाईचे वीरगळ आहेत. शेजारी सतीशिळा असते, काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात. वीरगळावर बहुधा नाव नसतं. माणूस कसा मेला हे कोरलेलं असतं, तो रोज काय करत होता हे नसतं. स्टालिएनोत नेमकं उलट. तिथे नाव ठळक, मरणाची हकीकत जवळजवळ नाही, आणि मागे उरलेल्यांचं दुःख तपशीलवार. मेलेला बहुतेक वेळा पलंगावरच्या चादरीखाली किंवा दारापलीकडे असतो. शिल्प असतं ते जिवंत माणसांचं. विधवा, मुलगी, नातवंडं. त्यातही स्त्रिया जास्त, आणि त्या दुसऱ्या कुणासाठी तरी तिथे आहेत : नवऱ्यासाठी, बापासाठी. रडण्याचं काम दगडातही त्यांच्याकडेच आलं आहे.

एक बाई मात्र स्वतःसाठी उभी आहे. मला आज खरं तर तिच्याविषयीच बोलायचं होतं.

तिचं नाव कातेरिना काम्पोदोनिको. ओळखत सगळे तिला ‘पाइझाना’, म्हणजे गावाकडची, या नावानं. राहणारी जिनोआच्या पोर्तोरिया या कष्टकऱ्यांच्या मोहल्ल्यात. धंदा जत्रेत बसण्याचा. जिनोआच्या आसपासच्या डोंगरांत मेरीची, संतांची ठाणी आहेत, त्यांच्या जत्रा भरत. तिथे ती दोऱ्यात ओवलेल्या हेझलनटच्या माळा विकायची, आणि आपल्या कडबोळ्यांसारख्या गोल, मधे भोक असलेल्या गोड भट्टीच्या वस्तू. ऊन असो, वारा असो, पावसाची झड असो. असं आयुष्यभर विकून पैसे साठवले आणि म्हातारपणी लोरेंझो ओरेन्गो या चांगल्या, बड्या घरांची कामं करणाऱ्या शिल्पकाराकडे जाऊन तिनं स्वतःचा पुरा उभा पुतळा सांगितला. पुतळा 1881 मध्ये झाला. ती तेव्हा जिवंत होती. पुढच्या वर्षी वारली.

आता पुतळा पाहा. ही बाई तिच्या सर्वांत चांगल्या कपड्यांत आली आहे. खांद्यावर झालरीची शाल, शालीचा एकेक गोंडा सुटा. पुढे नक्षीदार विणीचं एप्रन, त्याला लेसची किनार. कानात डूल, बोटांत अंगठ्या. चेहरा रापलेला, सुरकुत्यांचा, गालाखाली ओघळलेला. ओरेन्गोनं तिला तरुण केलेलं नाही, आणि तिनंही ते मागितलेलं दिसत नाही. आणि हातात काय आहे? जपमाळ नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही, फुलं नाहीत. हातात तिचा माल आहे. हेझलनटच्या माळा, त्यातलं प्रत्येक फळ वेगळं कोरलेलं, आणि ती कडी. गिऱ्हाईक समोर असावं अशी ती उभी आहे.

खाली चौथऱ्यावर जिनोईज बोलीत कविता आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हिगो या बोलीतल्या कवीकडून तिनं ती लिहून घेतली. भाव असा आहे की कुठल्या कुठल्या जत्रेत मी माल विकला, ऊनपाऊस सोसला, त्या पैशातून म्हातारपणाची सोय केली आणि त्यातलेच काही बाजूला काढून स्वतःला काळाच्या हवाली केलं. मी पोर्तोरियाची आहे. येणाऱ्याजाणाऱ्यानं माझ्यासाठी दोन शब्द प्रार्थनेचे म्हणावेत. जत्रांची नावंसुद्धा त्यात आहेत. शेजारच्या कमानींत लॅटिनमध्ये, शुद्ध इटालियनमध्ये घराण्यांचे गुण गायले आहेत. हिनं आपल्या बोलीत आपल्या बाजाराचे दिवस सांगितले.

ती कुठे उभी आहे याकडे लक्ष द्या. रीतीप्रमाणे तिची जागा मधल्या उघड्या पटांगणात होती. ती ओवरीत आहे, पेढीवाल्यांच्या रांगेत, त्यांच्याच मापाच्या संगमरवरात. तिनं त्यांच्यापेक्षा वेगळं काही केलं नाही. त्यांनी व्यापार केला, तिनंही केला. फक्त त्यांच्या स्मारकांत व्यापार कुठे दिसत नाही, तो मखमलीमागे, दुःखामागे ठेवलेला आहे, आणि हिनं तो हातात धरला आहे. साऱ्या स्टालिएनोत माझ्या मते सर्वांत धीट शिल्प हेच. गिऱ्हाईक म्हणून एका निरक्षर वर्गातल्या बाईनं शिल्पकाराकडून असं काम करून घ्यावं, आणि शिल्पकारानं तिच्या शालीच्या गोंड्यांना जहाजमालकिणीच्या लेसइतकाच वेळ द्यावा, याचं मला फार मोल वाटतं. लोकही तिला विसरलेले नाहीत. आजही तिच्यापुढे फुलं असतात.

या पुतळ्याच्या पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, जूलिओ मोन्तेवेर्दे यानं बँकेचे अध्यक्ष फ्रांचेस्को ओनेतो यांच्यासाठी देवदूत केला आणि वाऱ्याची दिशा पुन्हा फिरली. हा देवदूत हात छातीवर घेऊन उभा, हातात कयामतीच्या दिवशी वाजवायची तुतारी. पण तो काही आश्वासन देत नाही. चेहरा थंड, देखणा, नजर आरपार. त्याच्या नकला जगभरच्या दफनभूमींत झाल्या. मोन्तेवेर्देनंच 1893 मध्ये चेल्ले कुटुंबासाठी सापळारूपी मृत्यू आणि त्याच्या तावडीत सापडलेली तरुणी अशी ब्राँझची जोडी केली. ती बघवत नाही. घरातल्या पलंगाचा, चादरीचा, एप्रनचा काळ तिथे संपला. दुःखाच्या जागी गूढ आलं. कारागिरी अजोड आहे, पण मन त्या ओळखीच्या कपड्यांकडे परत जातं. देमेत्रिओ पाएर्नियोनं केलेल्या अप्पियानी स्मारकाचं छायाचित्र 1980 मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या ‘क्लोजर’ या तबकडीच्या वेष्टनावर आलं, आणि स्टालिएनोचं नावही न ऐकलेल्या पिढीनं ते शिल्प भिंतीवर लावलं.

आता जिना चढून मागच्या झाडीत जाऊ. इथे मॅझिनी आहे. 1872 च्या मार्चमध्ये तो पिसा शहरात, ब्राऊन या इंग्रजी नावानं, ओळख लपवून राहत असताना वारला. ज्या इटलीच्या एकीसाठी तो झिजला ती झाली होती, पण राजाच्या छत्राखाली; त्याला हवं होतं ते प्रजासत्ताक झालं नव्हतं. देह जिनोआला आणला तेव्हा शहर लोटलं. समाधी डोंगराच्या कुशीत खोदून काढल्यासारखी : दोन आखूड, जाडजूड डोरिक खांब, त्यांवर दगडाची वजनदार तुळई, तुळईवर त्याचं नाव. बस्स. मूर्ती नाही, रडणारी स्त्री नाही. शेजारी त्याची आई मारिया द्रागो. मुलगा परागंदा असताना वर्षानुवर्षं त्याला पत्रं आणि पैसे पुरवणारी ही बाई 1852 मध्ये गेली. सावरकरांचं भाषांतर वाचून ज्यांनी हा माणूस डोळ्यांसमोर आणला असेल, त्यांना ही समाधी ओळखीची वाटेल.

आणखी एक कबर सांगतो, प्रोटेस्टंटांच्या भागातली. ऑस्कर वाइल्डची पत्नी कॉन्स्टन्स 1898 मध्ये जिनोआत शस्त्रक्रियेनंतर वारली. नवऱ्यावरच्या खटल्याच्या बदनामीनंतर तिनं मुलांचं आणि स्वतःचं आडनाव बदललं होतं. तिच्या दगडावर वडिलांचं नाव आलं, नवऱ्याचं आलं नाही. ते 1963 मध्ये जोडलं गेलं. दगडावर चार शब्द यायला पासष्ट वर्षं लागली.

शेवटी देखभालीविषयी, कारण सर असते तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता. उघड्यावरचा संगमरवर पावसानं झिजतो. हवेतल्या गंधकानं त्याचा पृष्ठभाग जिप्समचा होतो आणि पापुद्रा सुटतो. ओवरीतल्या शिल्पांवर पाऊस पडत नाही, म्हणून ती वाचली, पण धूळ आणि काजळीही धुतली जात नाही. ती आडव्या पृष्ठांवर बसते : पापण्यांवर, चुण्यांच्या वरच्या कडांवर, उचललेल्या हातांवर. छायाप्रकाश उलटा होतो. जिथे उजेड पडायचा तिथे काळं, जिथे सावली हवी तिथे पांढरं. छायाचित्रकारांना हे फार आवडतं, आणि पुष्कळ लोक स्टालिएनोला त्याच काळ्या रूपानं ओळखतात. त्यातून एक खरा वाद उभा राहिला आहे. मऊ कुंचल्यानं धूळ काढणं, मग लेप लावून कवच मऊ करणं, लेझरनं काजळी उतरवणं, हे सगळं शक्य आहे, काही शिल्पांवर देणग्यांमधून झालंही आहे. पण काहींचं म्हणणं असं की दीडशे वर्षांची धूळ हाही आता त्या शिल्पाचा भाग झाला, तो काढू नये.

मी पूर्ण स्वच्छतेच्या बाजूचा आहे. धूळ कुणी घडवलेली नाही. लेसची भोकं मात्र कुणीतरी एकेक करून पाडलेली आहेत, आणि शालीचा गोंडा सुटा दिसावा म्हणून कुणाचे तरी डोळे दुखले आहेत. व्हिल्लानं चादर आणि झगा ही दोन कापडं वेगळी केली ती आपल्याला वेगळी दिसावीत म्हणून. आणि पाइझानानं पैसे मोजले ते आपला माल, आपली शाल, आपल्या अंगठ्या लोकांना नीट दिसाव्यात म्हणून.